एसीच्या कॉपर पाइपला ब्रेझिंग: मॅप गॅस, एलपीजी-ऑक्सिजन की डीए?

मानेवाडा_कूलिंग: भाऊ लोकांनो, ब्रेझिंगला (रॉड वितळवून पाइप जोडायला) कोणता गॅस घ्यावा, सल्ला पाहिजे. आता स्वतःचं काम सुरू करतोय. घरगुती स्प्लिट एसी, दोन सूत ते पाच सूत पाइप (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), क्वचित कंप्रेसर बदली. उस्ताद डीए (ॲसिटिलीन गॅस) अन् ऑक्सिजनवर करायचे. इतवारीतला दुकानदार म्हणतो मॅपचा पिवळा डबा घे, झंझट नको. सामान ॲक्टिव्हावर नेतो. काय घेऊ?

गच्चीवरचा_मिस्त्री: उस्तादाकडं होतं म्हणून डीए घेऊ नको. त्याची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते, तांबं १०८५ ला वितळतं, अन् आपला सिल्व्हर रॉड ७००-८०० मध्येच पळायला लागतो. दोन सूतच्या पाइपाला भोक पडायला वेळ लागत नाही. शिवाय डीएचं सिलिंडर आडवं ठेवून वापरता येत नाही, आतलं ॲसिटोन गॅससोबत बाहेर येतं. स्कूटरवर कसं नेणार?

मॅपचा डबा हवेवर जळतो. तीन-चार सूतपर्यंत मस्त. पण मे महिन्यात चौथ्या माळ्याच्या गच्चीवर लू सुटली की ज्योत भरकटते, पाच सूतचा जॉइंट तापेस्तोवर शेजारच्या व्हॉल्व्हचं सील जातं. (ओलं फडकं गुंडाळायचं ते कोणत्याही गॅसवर.)

मी तर एलपीजी-ऑक्सिजनच म्हणीन. ५ किलोचं सिलिंडर, ऑक्सिजनचं छोटं, दोन्ही होजला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागं नळीत शिरू देत नाही). घरचं १४.२ किलोचं धंद्याला वापरू नको, बेकायदेशीर आहे. एलपीजीची बरीच गरमी बाहेरच्या ज्योतीत असते. डीएची सवय असलेले आतलं टोक चिकटवून बसतात अन् गॅसलाच शिव्या देतात. टॉर्च जरा मागं धर, पाइपाभोवती फिरवत राहा.

आणि सावली कर. नागपूरच्या दुपारच्या उन्हात तांब्याची लाली दिसतच नाही. मी खोक्याचा पुठ्ठा आडवा धरायला लावतो. रॉड ज्योतीत धरू नको. ज्योतीच्या उलट बाजूनं पाइपाला टेकव, पाइपाच्या गरमीनंच वितळला पाहिजे. मग चकचकीत होऊन सरळ जॉइंटच्या आत ओढला जातो.

बेसा_एसी: व्हॉल्व्ह पितळेचा असला तर फ्लक्स (जॉइंट साफ ठेवणारी पेस्ट) लाव. तांब्याला तांबं असेल तर रॉडमधलं फॉस्फरसच ते काम करतं. अन् नवीन एसी बसवताना टॉर्च काढायची गरज काय? दोन्ही टोकांना पान्यानं आवळायचे फ्लेअर नट असतातच. जुना एसी आर-३२ गॅसवाला असेल तर तो गॅस पूर्ण काढल्याशिवाय आग लावू नको, तो पेट घेतो.

मानेवाडा_कूलिंग: ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजन सोडावा लागतोच का? उस्ताद कधीच सोडत नव्हते.

गच्चीवरचा_मिस्त्री: लागतोच. नाहीतर पाइपाच्या आत काळी पापडी धरते. आर-३२ सोबतचं तेल ती धुऊन काढतं अन् नेऊन कॅपिलरीत (एसीतल्या बारीक नळीत) बसवतं. मग गिऱ्हाईक म्हणते गॅस भरला तरी थंडा करत नाही. फुंकर घातल्याएवढाच सोड, दुसरं टोक उघडं ठेव. बंद ठेवलं तर दाबानं वितळलेला रॉड जॉइंटमधून बाहेर फेकला जातो.

लीक बघायची प्रेशर टेस्टही नायट्रोजननंच. ऑक्सिजन हाताशी आहे म्हणून त्यानं टेस्ट करणारे लोक मी पाह्यले. कंप्रेसरच्या तेलाला दाबाचा ऑक्सिजन भेटला की स्फोट. हे अजिबात करायचं नाही.

मानेवाडा_कूलिंग: मग एलपीजीचा सेट अन् नायट्रोजन. मॅपचा डबा राहू देतो.

गच्चीवरचा_मिस्त्री: एक डबा ठेव बा. दोन सूतच्या एका जॉइंटसाठी सगळा सेट चौथ्या माळ्यावर कोण चढवणार?