थांबलेलं चित्र जमलंय, हलणारा माणूस अजून नाही

'दोन-तीन वर्षांत व्हिडिओ गेम कुठला आणि खरं चित्रण कुठलं हे ओळखू येणार नाही' असं एक मत ऐकलं, ते मला अर्धंच पटलं. ओली फरशी, गंजलेला पत्रा, शेवाळलेला दगड यांत आजच फसायला होतं. २०१८मध्ये एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं (संगणकात चित्र तयार करणारे भाग) आली, खेळ चालू असतानाच प्रकाशकिरणांचा माग काढता येऊ लागला आणि प्रतिबिंबं, सावल्या कितीतरी सुधारल्या. पण सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० स्वतंत्र चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. ॲनिमेशनपटात तेवढ्याच एका फ्रेमवर तासन् तास घालवता येतात!

खरी गोची माणसात आहे. मागून ऊन आलं की कानाची पाळी लालसर दिसते, कारण प्रकाश त्वचेत शिरून पसरतो. हे आता जमतं. पण पात्र बोलायला लागलं की ओठ हलतात आणि डोळ्यांभोवतीची कातडी ढिम्म राहते. जवळजवळ माणसासारखं दिसणारं यंत्र बघून आपण अस्वस्थ होतो, असं जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्येच मांडलं होतं, ते इथे तंतोतंत जाणवतं. आणि एखादं पात्र दुसऱ्याला मिठी मारतं तेव्हा नीट बघा: कापड दबत नाही, चुरगळत नाही, बोटं सरळ आत घुसतात. मला तरी आणखी पिक्सेलपेक्षा तो स्पर्श आधी हवाय.