अनुभव धागा: लीगचा हंगाम, ठाणे-नवी मुंबईतून जगलेला

मंडळी, आयएसएलवर, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगवर, भरपूर लिहिलं जातं. त्याखाली जी लीग चालते, जिथे मॅच फी मिळते पण तिच्यावर घर चालत नाही, तिथला हंगाम कसा जातो हे मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. मी मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधल्या एका टीमचा मॅनेजर आहे, राहायला कोपरखैरण्यात. आमची अर्धीअधिक टीम खाडीच्या अलीकडची आहे. खेळाडू, रेफ्री, पालक, बघायला येणारे, सगळ्यांनी लिहा. क्लबची आणि माणसांची नावं नकोत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या पातळीवर मॅच कुठल्या वारी आहे यावर निम्मा निकाल ठरतो. फिक्स्चर हातात आलं की मी समोरची टीम नंतर बघतो, वार आधी. बुधवारी दुपारची मॅच असेल तर सेंटर हाफ ड्युटीवर, विंगरची कॉलेजात परीक्षा आणि स्ट्रायकर साहेबांच्या केबिनबाहेर अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसाठी उभा. पहिल्या चार-पाच मॅचेस सगळे जमवतात. हंगामाच्या उत्तरार्धात रजा संपतात आणि खरी कसोटी तिथे लागते.

लेफ्ट बॅक, ऐरोली

मी रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंगच्या कंपनीत आहे. मॅच असली की फर्स्ट शिफ्ट घेतो, म्हणजे पहाटे उठून सातला कामावर. जोडीदार शेवटचे दोन तास माझं मशीन सांभाळतो आणि रविवारी मी त्याचं. हा माणूस फुटबॉल बघत नाही, त्याला ऑफसाइड कळत नाही, पण सोमवारी आल्या आल्या विचारतो, ‘जिंकलात का?’ माझ्या हंगामात कोचइतकाच वाटा त्याचा आहे.

मॅच बांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा ग्राउंडला असेल तर रबाळ्याहून ठाणे, तिथून दादर, मग वेस्टर्नची गाडी. जेवण ट्रेनमध्येच, बहुतेक वेळा केळी आणि चिक्की. ग्राउंडवर पोहोचेपर्यंत वॉर्मअप अर्धा झालेला असतो. त्यात कृत्रिम टर्फ. ज्यांनी फक्त संध्याकाळी भाड्याच्या टर्फवर फाइव्ह-अ-साइड खेळलंय त्यांना कळणार नाही, भर उन्हात ते तवा होतं. बुटाच्या तळव्यातून चटका बसतो, स्लाइडिंग टॅकल केला की मांडी सोलते. नैसर्गिक गवतापेक्षा ते कितीतरी जास्त तापतं. म्हणून कूलिंग ब्रेक मिळाला की आम्ही पाणी पिण्याआधी बुटांवर ओततो.

गेल्या हंगामात शेवटच्या मॅचला आम्हाला खालच्या डिव्हिजनमध्ये जाणं टाळायला बरोबरी पुरेशी होती. बेंचवर तीनच जण होते, त्यातला एक दुसरा गोलकीपर. सत्तराव्या मिनिटाला माझ्या पोटरीत गोळा आला. बाहेर जायचं तर आत येणार कोण? कोच सरांनी मला सरळ फॉरवर्डला पाठवलं आणि म्हणाले, ‘पळू नकोस, फक्त उभा राहा, त्यांचा एक माणूस तुझ्यापाशी अडकू दे.’ शेवटची वीस मिनिटं मी त्यांच्या सेंटर बॅकला चिकटून उभा होतो. सामना ०-० सुटला. परतीच्या गाडीत माझी बॅग माझ्या हातात कोणी दिलीच नाही.

रेफ्री, कळवा

आमच्याबद्दल कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहितो. खेळाडूंसारखीच आमचीही नोकरी असते आणि लोकलही तीच. मॅच संपली की तुम्ही घरी जाता, आमचा रिपोर्ट बाकी असतो: कोणाला कुठल्या मिनिटाला कार्ड, कशासाठी, कोण बदली आला. एकाच मॅचमध्ये दोन पिवळी म्हणजे लाल आणि पुढची मॅच बाहेर. तेरा-चौदा माणसांच्या टीमला ते किती महाग पडतं हे मला दिसतं. तरी कार्ड दाखवावं लागतं, कारण समोरच्याचा पाय मोडला तर त्याचीही नोकरी जाते. बाहेरून ओरडणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की आपल्याकडे व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफ्री) नाही, रिप्ले नाही, दोन लाइनमन आणि मी.

गोलकीपरची आई, सानपाडा

मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी कागदपत्रांची धावपळ माझ्याकडेच असते. फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत, नोंदणी झाल्याशिवाय खेळता येत नाही, आणि जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. त्याच्या ग्लोव्हजचा तळवा टर्फवर लवकर झिजतो, नवे घ्यायचे तर मॅच फी त्यातच जाते. त्याच्या बाबांना वाटतं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मी मध्ये उभी. पण पेनल्टी अडवल्यावर त्याने प्रेक्षकांत मला शोधलं होतं, ते बाबांनीही पाहिलंय. तेव्हापासून शनिवारी मॅच असली की ते स्वतः येतात.

माजी खेळाडू, कोपरी

सानपाड्याच्या ताई, बाबांची काळजी खोटी नाही. आमच्या वेळी एअर इंडिया, रेल्वे, बँका यांच्या टीम्स होत्या. चांगला खेळलात तर नोकरी लागायची, आणि खेळ सुटला तरी ती राहायची. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये टीमच बंद झाली. आता मुलं नोकरी सांभाळून खेळतात. आम्ही खेळलो म्हणून नोकरी मिळाली. हा फरक फार मोठा आहे. आणि ज्या ग्राउंडवर तुमचा मुलगा खेळतो त्याचं नाव ज्यांचं आहे, त्या नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई, आणि भारत तेव्हा चौथा आला. हे ड्रेसिंग रूममध्ये मुलांना कोणीतरी सांगायला हवं.

फिजिओ, खारघर

थोडक्यात लिहिते. गुडघ्याचं एसीएल (आतलं एक मुख्य लिगामेंट) फाटलं की ऑपरेशननंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने, म्हणजे अख्खा हंगाम. घाई करू नका. माझ्याकडे येणारे बरेचसे ‘फक्त शेवटची मॅच खेळतो’ म्हणून गुडघा आणखी बिघडवून आलेले असतात. क्लबने विमा काढलाय का, हे सही करायच्या आधी विचारा.

मिडफिल्डर, महिला संघ, नेरूळ

३० ऑक्टोबर २०२२ ला मी घरापासून चालत डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले होते. सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल, स्पेन १, कोलंबिया ०. माझ्याच नोडमध्ये मुलींचा वर्ल्ड कप! त्या रात्री झोप लागली नाही.

आमची लीग मात्र सुरू होते तोवर संपते. काही आठवड्यांत सगळ्या मॅचेस उरकतात, मग वर्षभर मुलांबरोबर सेव्हन्स (सात-सात जणांचा फुटबॉल) खेळून फिटनेस टिकवायचा. टीम जमते तेव्हाच हंगाम आटोपतो. एका पासमध्ये स्ट्रायकर कुठे पळणार हे कळायला महिने लागतात, ते आम्हाला कधी मिळतच नाहीत. मॅनेजर काका, तुम्ही वारांबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे. पण आम्हाला बुधवार दुपारसुद्धा चालेल, फक्त मॅचेस वाढवा. आणि पुढच्या हंगामासाठी आमच्या टीमला लेफ्ट विंगर हवी आहे. ठाणे ते पनवेल पट्ट्यातली कोणी असेल तर याच धाग्यावर लिहा, प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला असते.