चौथाईतला खरा वाटा कुणाचा?

मराठ्यांची चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, ‘थेट छत्रपतींच्या खजिन्यात जायची’ असं वरच्या एका प्रतिसादात आलंय. तसं नव्हतं, आणि नागपूरकर भोसल्यांचं (छत्रपतींच्या या सरदार घराण्याचं) बळ नेमकं यातच आहे.

१७१९ च्या मुघल सनदांनी साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांना दख्खनच्या ६ सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी (महसुलाचा आणखी दहावा हिस्सा) मिळाली. ज्या गावाचा आकार (ठरलेला महसूल) १००० रुपये, त्याचा हिशोब मांडून बघा. चौथाई २५०. त्यातून राजबाबती (छत्रपतींचा वाटा) पाव हिस्सा, म्हणजे ६२ रुपये ८ आणे. साहोत्रा (पंत सचिवांना दिलेला वाटा) चौथाईच्या शेकडा ६ प्रमाणे १५. नाडगौडा (छत्रपती मर्जीने कुणालाही देत तो वाटा) शेकडा ३ प्रमाणे साडेसात. उरलेले १६५ मोकासा म्हणून सरदाराला, फौज ठेवण्यासाठी. सरदेशमुखीचे १०० वेगळे, ते छत्रपतींचे.

कागदावर छत्रपती आणि सरदार, दोघांचे वाटे जवळपास सारखेच. पण गावात घोडेस्वार घेऊन उभा राहणार सरदाराचा माणूस! वसूल त्याच्या हाती, म्हणून साताऱ्याचा हिस्सा त्याच्या मर्जीवर.

आपल्या वऱ्हाडात तर दोअमल होता. एकाच गावावर निजामाचाही अंमल आणि भोसल्यांचाही. पाटलाने एकाची भरपाई केली की दुसऱ्याचा तगादा सुरू, आणि तो भार शेवटी कुणब्याच्या ज्वारीवर. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांच्या हातून वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला, तेव्हाच ही दुहेरी वसुली थांबली.