हाऊस म्युझिक मुळात कोणाचं?

साऊंडवाला_म्हापसा
मी साऊंड लावायचं काम करतो, सीझनमध्ये हणजूण-वागातोरला रोज कुठे ना कुठे बॉक्स उतरवतो त्यामुळे रात्रभर कानात हाऊसच, तेच मशीनच्या एकसारख्या ठेक्यावर नाचायचं म्युझिक. परवा केबल गुंडाळताना एक डीजे म्हणाला की हे सगळं शिकागोच्या काळ्या गे लोकांच्या क्लबातून आलंय. आमची पोरं जी हसायला लागली, एकाने तर हात वाकडे करून नाचून दाखवलं. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. पण खरं आहे का हे? मी आजवर युरोपातलंच समजत होतो, मला इथे वाजवायला आलेले दिसतात ते बहुतेक गोरेच.

जुन्या_तबकड्या
खरं आहे. शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब होता, १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा, मूळ न्यूयॉर्कचा, ब्लॅक आणि गे. येणारी पोरं पण जास्त करून ब्लॅक आणि लॅटिनो गे. लोक रेकॉर्डच्या दुकानात जाऊन वेअरहाऊसला वाजतं ते द्या म्हणायचे, त्यातलं नुसतं हाऊस राहिलं असं सांगतात. तू लाईनमधला आहेस म्हणून सांगतो, तो टेपची रिळं कापून जोडून गाणं लांबवायचा, जिथे पब्लिक पेटतं तो तुकडा परत परत. पुढे त्याच्याखाली ड्रम मशीन आलं. आता लूपचं बटण दाबलं की झालं, आणि वर डीजेचा तोरा बघा.

निवांत_काणकोण
असेल बाबा. पण गाणं चांगलं तर चांगलं, वाजवणारा घरी कोणाबरोबर राहतो त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

पेडण्याची_पोर
@निवांत_काणकोण तुला नसेल करायचं, त्या लोकांना सोडलं नाही ना कोणी. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्याच बेसबॉल स्टेडियममध्ये डिस्कोच्या, म्हणजे ज्यातून पुढे हाऊस निघालं त्या म्युझिकच्या, रेकॉर्डी गोळा करून बॉम्बने उडवल्या. तिथे कामाला असलेल्या एका ब्लॅक पोराने, व्हिन्स लॉरेन्सने, पाहिलं की लोक डिस्कोच नाही तर ब्लॅक कलाकारांची कुठलीही रेकॉर्ड घेऊन आलेत. आणि हाच पोरगा १९८४ मध्ये हाऊसच्या अगदी पहिल्या रेकॉर्डींपैकी एकीच्या मागे होता!
डिस्को गाणारा सिल्व्हेस्टर पण ब्लॅक आणि गे, झगमगीत कपड्यांत स्टेजवर यायचा. १९८८ मध्ये एड्सने गेला, जाताना गाण्यांची रॉयल्टी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या संस्थांना लिहून दिली. लांबचं वाटतं ना? १९८९ मध्ये आपल्या म्हापशात डॉमनिक डिसोझाला फक्त एचआयव्ही निघाला म्हणून ६४ दिवस डांबून ठेवलं होतं, गुन्हा काही नाही. तेव्हा तो रोग म्हटला की भीती सगळीकडे सारखीच होती, आणि सिल्व्हेस्टरसारखे लोक त्याच भीतीत नाचत पण होते आणि पैसे पण उभे करत होते.
आणि साऊंडवाल्या, तुझ्या त्या हात वाकडे करणाऱ्याला विचार, जत्रेत दशावतारात पुरुष लुगडं नेसून आला की पहाटेपर्यंत मांडी घालून कोण बसतं? तेव्हा नाही येत हसू. अर्थात दोन्ही एकच असं मी म्हणत नाही, आमच्याकडचा नट खेळ संपला की लुगडं सोडून घरी जातो. न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक आणि लॅटिनो गे-ट्रान्स लोकांचे बॉल व्हायचे, म्हणजे नटूनथटून उतरायच्या स्पर्धा, त्यातल्या कित्येकांना घरच्यांनी हाकललेलं, म्हणून ते आपल्या ग्रुपलाच हाऊस म्हणायचे आणि ग्रुप सांभाळणारीला आई. हे हाऊस वेगळं हां, म्युझिकवालं नाही.

निवांत_काणकोण
डॉमनिकचं ऐकलेलं, तेव्हा मी शाळेत होतो. बाकीचं नव्हतं माहीत.

साऊंडवाला_म्हापसा
रीळ कापून लूप!! आमच्याकडे मामाचा जुना स्पूल टेप पडलाय, रविवारी उघडून बघतो. चिकटवायला साधी सेलोटेप चालते का, का वेगळी लागते?

जुन्या_तबकड्या
साधी नको, गोंद सुटून हेड खराब होतो. स्प्लायसिंग टेप मिळते, कापताना तिरकं काप.