डनॉलीला ३ वीकेंड गेले, फक्त छर्रे आणि खिळे निघाले. मोठं मशीन घेऊ का?

माळरान (मेलबर्न)

नमस्कार मंडळी, मी मेलबर्नच्या वेस्टला राहतो. जूनपासून सोनं शोधायचं वेड लागलंय. मायनर्स राइट म्हणजे सोनं शोधायचा परवाना काढला (ऑनलाइन लगेच मिळालं, तीस डॉलरच्या आतबाहेर, १० वर्षं चालतं), सेकंडहँड गोल्ड मॉन्स्टर १००० हे मेटल डिटेक्टर मशीन घेतलं, आणि सलग ३ शनिवार डनॉली-टार्नागुल्ला साइडच्या स्टेट फॉरेस्टात जाऊन आलो. पहाटे निघायचं, दोन तास गाडी, दिवसभर जंगलात, अंधार पडताना परत.

आत्तापर्यंतचा माल सांगतो. शिशाचे छर्रे १९, टू-टूच्या (.२२ बंदुकीच्या) गोळ्या ४, जुन्या बुटांचे खिळे मोजलेच नाहीत, गंजक्या पत्र्याचे तुकडे, आणि एक बटण. सोनं शून्य.

खरा त्रास वेगळाच आहे. तिथली माती लालभडक, आणि त्यात ते बारीक काळपट लोखंडी खडे असतात ना, त्यांच्यावरून कॉइल (मशीनची खालची तबकडी) गेली की मशीन नुसतं कटकट करतं, सेन्सिटिव्हिटी ८-९ वर ठेवली तर काहीच कळत नाही आणि ४ वर आणली तर एकदम शांत होतं, पण मग वाटतं खालचं बारीक सोनं सुटून जात असेल. एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला व्हिक्टोरियाच्या मातीत हे मशीन कामाचंच नाही, जीपीएक्स ६००० हे मोठं मशीन घ्या. आठ हजार डॉलरच्या वर जातंय ते. घरी एकाच पगारावर होम लोन चालू आहे त्यामुळे उगाच उडी मारायची नाहीये. पण मनापासून आवडतंय हे काम, सोडायचंही नाहीये.

तर २ प्रश्न. मशीन बदलू का? आणि मातीचा आवाज कुठला आणि खरा सिग्नल कुठला हे ओळखायचं कसं?

बेंडिगोवाले_काका

माळरान, मशीन आत्ता अजिबात बदलू नकोस. मी ११ वर्षं करतोय हे, माझ्याकडे दोन्ही प्रकारची आहेत, म्हणून सांगतो.

आधी समजून घे की कटकट का होते. तुझं मशीन व्हीएलएफ, म्हणजे ते एकाच वेळी बोलतं पण आणि ऐकतं पण, सतत. आपल्याकडच्या लाल मातीत लोखंड ठासून भरलंय, ती माती स्वतःच उत्तर देते आणि त्या गोंगाटात सोन्याचा बारीक आवाज बुडतो. जीपीएक्स वगैरे पल्स इंडक्शनवाली. देवळात घंटेवर टोला मारायचा, हात काढायचा आणि मग मागे राहिलेला नाद ऐकायचा, तसं त्यांचं काम. मातीचा नाद पटकन विरतो, धातूचा रेंगाळतो. म्हणून ती खोल जातात, हे खरंय, दुकानदार खोटं बोलला नाही. पण त्याने दुसरी बाजू सांगितली नाही, पल्सवाल्यांना लोखंड आणि सोनं यातला फरक फारसा सांगता येत नाही, सगळं खणावं लागतं. आज तू चार इंचावरचे खिळे काढतोयस, उद्या आठ हजार घालून एक फुटावरचे खिळे काढशील आणि तेही कडक मातीतून.

आता आवाज ओळखायचं.

सेन्सिटिव्हिटी मॅन्युअल ८-९ वर ठेवायची हौस सोड, त्या जमिनीत ऑटोवर टाक. शांत मशीनवर कमी खोल ऐकू येतं पण जे ऐकू येतं ते खरं असतं. कॉइल जमिनीला अगदी लागून, समांतर, टोकाला वर उचलायची नाही. बहुतेक नवीन लोक झाडू मारल्यासारखी फिरवतात. झाडू नाही, सारवणं डोळ्यापुढे आण. आपल्याकडे आजी शेणाने अंगण सारवायची तेव्हा एक हात दुसऱ्या हातावर अर्धा चढवत न्यायची, मधे कोरडी पट्टी राहायची नाही. तसंच करायचं, तेवढंच हळू. एका तासात बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा झाली तरी बास.

सिग्नल आला की लगेच कुदळ नको. ९० अंशात फिरून आडवी कॉइल मार. दोन्हीकडून एकाच जागी आवाज आला तर बुटाने वरची दोन बोटं माती सरकव आणि परत ऐक. आवाज जास्त टोकदार झाला तर खाली काहीतरी आहे. आवाज गेला किंवा पसरला तर ती माती होती किंवा गरम दगड (लोखंडी खडा), पुढे जायचं. हे दोन बोटं सरकवणं ज्याला जमलं त्याचे निम्मे फुकटचे खड्डे वाचतात. कुदळीच्या मागे एक चांगला लोहचुंबक लाव, खिळे आपोआप चिकटतात, हाताने शोधत बसावं लागत नाही.

आणि त्या १९ छर्‍यांबद्दल नाराज का झालास रे? मला तर ते वाचून बरं वाटलं. शिसं आणि बारीक सोनं मशीनला जवळजवळ सारखंच ऐकू येतं. ज्या जमिनीत वरच्या चार इंचात छर्रे अजून शिल्लक आहेत ती जमीन कोणी नीट सारवलेली नाही. जिथे छर्रेसुद्धा मिळत नाहीत, तिथून आधीचे लोक सगळं उचलून गेलेत. मी तर नवीन जागी पहिल्या तासात छर्रा मिळाला नाही की जागा बदलतो. तुझ्यातलाच सगळ्यात लहान छर्रा घे, चार बोटं खोल पुर, माती दाबून बसव आणि ऑटोवर त्याच्यावरून वीस वेळा कॉइल ने. तो आवाज कानात बसला पाहिजे.

मशीन तेव्हा बदल, जेव्हा तुझी अशी एक जागा असेल जिथे या मशीनने वरचं सोनं निघालंय आणि खाली अजून आहे असं वाटतंय. तोपर्यंत नाही.

सुवर्णरेखा (बॅलरॅट)

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी मशीनबद्दल नाही बोलत, जमिनीबद्दल बोलते कारण माळरानदादा, तुम्ही एकटे जाताय असं दिसतंय.

त्या भागात जुने शाफ्ट आहेत. १८५० नंतर लोकांनी हाताने खणलेल्या विहिरीच म्हणा, रुंदीला जेमतेम एक माणूस उतरेल एवढ्या, कठडा नाही, काही नाही, आणि पालापाचोळ्याने तोंड झाकलेलं. हेडफोन लावून, नजर कॉइलवर ठेवून मागे मागे सरकत कधीही जाऊ नका. माझा मुलगा ६ वर्षांचा असताना आम्ही त्याला घेऊन गेलो होतो, मी खड्डा खणत होते, त्याने काठी टोचली आणि काठी आत गेली ती गेलीच. त्याचा पाय काठीपासून वीतभर लांब होता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्यानंतर मुलांना फक्त पॅनिंगला (परातीत माती धुऊन सोनं शोधायला) नेते, ओढ्यावर. तिथेही जुन्या खाणींच्या पांढऱ्या-पिवळ्या वाळूच्या ढिगांवर खेळू देत नाही, त्या वाळूत आर्सेनिक असतं, बेंडिगो-बॅलरॅटकडे तर बरंच. खाण्याआधी हात धुवायचे म्हणजे धुवायचेच.

दुसरं, खड्डा बुजवायचा. लगेच, जागच्या जागी, वरचा पाला परत टाकून. नियमच आहे, पण नियम नसता तरी बुजवला असता मी, कारण ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, जा जा वुरुंग लोकांची आहे, आपण पाहुणे आहोत. दगडाची जुनी हत्यारं दिसली तर हात लावायचा नाही. नॅशनल पार्कमध्ये ठरवून दिलेले भाग सोडले तर बंदी आहे, खाजगी शेतात मालकाला विचारल्याशिवाय नाही, जायच्या आधी जिओव्हिकच्या (व्हिक्टोरिया सरकारच्या ऑनलाइन) नकाशावर बघून घ्या. टोटल फायर बॅनच्या (आग पेटवायला पूर्ण बंदीच्या) दिवशी, उन्हाळ्यात, मी तर जातच नाही, ब्राऊन स्नेक हा विषारी साप वेगळाच.

ते मायनर्स राइट आपण १० मिनिटांत काढतो ना, त्याच्यामागे केवढं मोठं आहे. आधी लायसन्स होतं, महिन्याला ३० शिलिंग, सोनं मिळो न मिळो. त्यावरून ३ डिसेंबर १८५४ ला इथे युरेकाला खाणकामगार आणि सरकारी सैनिकांत गोळीबार झाला, माणसं मेली, आणि १८५५ मध्ये वर्षाला एक पौंडाचं मायनर्स राइट आलं, मतदानाच्या हक्कासकट. मी माझं प्रिंट काढून पाकिटात ठेवते.

गुजरीचा_खडा (कोल्हापूर)

भावांनो लई भारी चाललंय तुमचं, वाचून एकदम लहानपण आठवलं. आमचं घर गुजरीच्या, म्हणजे सोनारांच्या पेठेच्या, मागच्या बोळात. पहाटे झारेकरी यायचे, सोनारांच्या दुकानांपुढची धूळ बारीक कुंच्याने गोळा करायचे, गटारातला गाळसुद्धा सोडायचे नाहीत, आणि मग परातीत पाणी घालून ती अशी गोल गोल फिरवत राहायचे की माती कडेने निघून जायची आणि तळाला काळी रेती राहायची. त्यात पारा टाकायचे, पारा सोनं गिळतो म्हणायचे. मी तासन्‌तास बघत उभा राहायचो. तुमचं ते पॅनिंग म्हणजे हेच की.

माझा प्रश्न, आपल्या सह्याद्रीत असलं मशीन घेऊन फिरलं तर? गडावर वगैरे? आमच्यातला एकजण ऑनलाइन स्वस्तातलं मागवायच्या विचारात आहे.

बेंडिगोवाले_काका

झारेकरी! किती वर्षांनी हा शब्द वाचला. बरोब्बर तेच तंत्र, सोनं जड, पाण्याच्या एकोणीस पट, वाळू अडीच-पावणेतीन पट, म्हणून ते तळाला बसतं.

पण सह्याद्रीत नको. एक तर तिथे सोनं नाही, सगळा काळा बेसाल्ट, लाव्हाचे थर. इथलं सोनं जुन्या गाळाच्या खडकांच्या भेगांमध्ये शिरलेल्या पांढऱ्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमधून आलंय, शिरा झिजल्या आणि गोळे उतारावर, ओढ्यात येऊन पडले. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत, आणि तिथेही आपण जाऊन खणायचं असा परवाना नसतो, खनिजाचा कायदा वेगळा आहे. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो, १० रुपयांच्या वर किंमत असेल तर कलेक्टरला कळवावंच लागतं.

आणि गडावर तर हात जोडून सांगतो, नको. एक नाणं मातीत कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, यावरून अभ्यासकांना तो थर कधीचा हे कळतं. ते उपटून खिशात टाकलं की ती माहिती कायमची गेली, परत कोणाला मिळणार नाही. तुझ्या मित्राला हे दाखव. इथेसुद्धा जुन्या वस्तीच्या जागा संरक्षित आहेत, आम्ही त्यांच्या बाजूने वळसा घालून जातो.

गुजरीचा_खडा (कोल्हापूर)

पटलं काका. आत्ताच त्याला फोन केला, ऑर्डर टाकली नव्हती अजून, नाही टाकणार म्हणाला.

माळरान (मेलबर्न)

मंडळी, परवा जाऊन आलो आणि आधी मोलियागुलला थांबलो, वेलकम स्ट्रेंजर या प्रसिद्ध सोन्याच्या गोळ्याच्या आठवणीतल्या दगडी खांबापाशी. १८६९ च्या ५ फेब्रुवारीला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्सला तिथे ७० किलोच्या वरचा गोळा मिळाला, तोही झाडाच्या मुळापाशी बोटभर मातीखाली. डनॉलीला एवढा मोठा काटाच नव्हता म्हणून ऐरणीवर ठेवून तोडावा लागला. किंगॉवरला तर १९८० मध्ये केविन हिलियरला डिटेक्टरने २७ किलोचा मिळाला, फूटभर खाली. त्या खांबाशेजारी उभं राहून बोटभर म्हणजे किती ते मी आपल्या बोटाने मोजून बघितलं.

मग माझ्या जुन्या जागी, जिथे छर्रे जास्त निघाले होते तिथेच. ऑटोवर टाकलं, एका गल्लीत दोन वॉटलच्या झाडांमधली पट्टी सारवायला घेतली, अडीच तास तिथेच. ३ छर्रे, २ खिळे. मग एक आवाज आला तो इतका मऊ की आधी वाटलं मनाचा भास आहे. आडवा फिरलो, परत तिथेच. दोन बोटं माती सरकवली आणि आवाज एकदम टोकदार झाला. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. प्लास्टिकच्या स्कूपमध्ये माती घेतली, अर्धी हातावर ओतून कॉइलवरून नेली, शांत. उरलेली अर्धी नेली, ओरडलं. असं निम्मं-निम्मं करत शेवटी चिमूटभर माती राहिली, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अर्ध्या तूरडाळीएवढं. घरी वजन केलं, ०.३ ग्रॅम. गुडघे टेकून बसलो होतो तसाच बसून राहिलो थोडा वेळ, हात थरथरत होते.

जीपीएक्स नाही घेत, ठरलं.

एक विचारायचं होतं. एका बाजूला चांदीसारखा पांढरट डाग आहे, घासून जात नाही. गॅसवर जरा तापवला तर निघेल का?

बेंडिगोवाले_काका

अभिनंदन रे! मनापासून!

आणि अजिबात तापवू नकोस!! तो पारा असणार. जुन्या लोकांनी इथेही झारेकऱ्यांसारखाच पारा वापरलाय, तो ओढ्या-नाल्यातून पसरलाय आणि सोन्याला चिकटून बसतो. तापवला की वाफ होते, ती वाफ दिसत नाही, स्वयंपाकघरात भरून राहते आणि फुप्फुसात जाते, घरात मुलं असतील तर फारच वाईट. झाकणाच्या छोट्या बाटलीत घालून ठेव, हात धू, डाग तसाच राहू दे.

आणि त्या पट्टीतून बाहेर पडू नकोस. एक निघालं की आजूबाजूच्या दहा पावलांत, वरच्या उताराकडे, कूर्मगतीने सारवत जायचं. शनिवारी मी मोकळा आहे, ८ वाजता टार्नागुल्लाला भेटू. थर्मासमध्ये चहा मी आणतो, तू जास्तीची बॅटरी आण.

सुवर्णरेखा (बॅलरॅट)

मी पण येतेय. शिट्टी आणि फर्स्ट एडची बॅग माझ्याकडे आहे.