पोटेन्शियल जीडीपीच्या वर जीडीपी जातोच कसा?

अभ्यासू_कोल्हापूर:
मंडळी, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चालूय. पुस्तकात दिलंय की पोटेन्शियल जीडीपी म्हणजे अर्थव्यवस्थेला कायम झेपेल एवढं उत्पादन आणि खालच्याच ओळीत म्हणतंय प्रत्यक्ष जीडीपी त्याच्या वर पण जातो. क्षमताच तेवढी हाय तर वर जाणार कसं ओ? डोस्कं चालंना.

फौंड्रीवाला:
भावा, झेपेल तेवढं म्हणजे जास्तीत जास्त न्हवं, घोळ तिथंच हाय. शिरोली एमआयडीसीत आमची बारकी फौंड्री हाय, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. मोठी ऑर्डर आली की तिसरी शिफ्ट लावायची, रविवारी पण माणसं बोलवायची, भट्टीचं लायनिंग (आतला थर) बदलायचं पुढं ढकलायचं, माल निघतोय की बक्कळ! पण किती दिवस? लायनिंग झिजतं, रिजेक्शन वाढतं, चांगला मोल्डर (साचे करणारा) शेजारचा जास्त पगार देऊन पळवतो, मग आम्हाला पण पगार वाढवायला लागतो, आणि सगळ्यांचंच असं झालं की कास्टिंगचा रेट चढतो. हेच देशभर झालं की महागाई.

तात्या_राजारामपुरी:
बरोबर. प्रत्यक्ष आणि पोटेन्शियल जीडीपीतला फरक म्हणजे आउटपुट गॅप. 1962 मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी हिशोब मांडला तो असाच, की अमेरिकेत बेकारी 4 टक्के असती तर उत्पादन किती झालं असतं. मात्र पोटेन्शियल जीडीपी थेट मोजता येत नाही, अंदाजच असतो आणि मागाहून बदलतो पण.

अभ्यासू_कोल्हापूर:
मग व्याजदर कमी केले की क्षमता वाढंल न्हवं?

तात्या_राजारामपुरी:
लगेच नाही. व्याजदरानं आधी हलते ती मागणी. रिझर्व्ह बँकेनं मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर (ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला तो मागणीला लगाम घालायला. क्षमता वाढते माणसं, मशिनरी, कौशल्य, तंत्रज्ञान यांनी. स्वस्त कर्जातून नवी भट्टी बसली तर वाढेल, प्लॉट घेऊन ठेवले तर काय डोंबल वाढणार?

फौंड्रीवाला:
आणि क्षमता कमी पण होती बरं का. 2020 च्या लॉकडाऊनला भट्ट्या थंड पडल्या तेव्हा वाटलं काय न्हाय, मशिनरी जागेवर हाय, ऑर्डर आली की चालू. पण गावाकडं गेलेले जुने मोल्डर काही परत आलेच न्हाईत. नवीन पोरं घेतली, पण हात बसायला वेळ जातोय, तोवर त्याच भट्टीतनं माल कमीच.