कुष्ठरोग्यांचं बेट सहलीच्या यादीत असावं का?

माळढोक: सोलापुरात सध्या ग्रीसच्या सहलीचं एक पत्रक फिरतंय. त्यात क्रीटजवळच्या स्पिनालोंगा बेटासाठी अर्धा दिवस ठेवलाय. निळं पाणी, व्हेनिशियन किल्ला, फोटोंसाठी उत्तम जागा, सगळं लिहिलंय. १९०३ ते १९५७ या काळात कुष्ठरोग्यांना घरादारापासून तोडून तिथे नेऊन ठेवत, हे मात्र कुठेच नाही. माझं मत स्पष्ट आहे, अशा ठिकाणी मजा करायला जाऊ नये. तेच पैसे आनंदवनाला द्या.

होटगी रोड: अजिबात पटलं नाही. उलट जायलाच हवं! तिथली माणसं नुसती मरणाची वाट बघत बसली नव्हती. एपामिनोंडास रेमुंडाकिस हा कायद्याचा विद्यार्थी स्वतः रुग्ण होता. त्याने १९३६ मध्ये तिथे रुग्णांची संघटना उभी केली आणि हक्कांसाठी सरकारशी भांडला. बेटावर लग्नं झाली, दुकानं चालली. आपण पाठ फिरवली तर हे सगळं पुसलं जाईल.

माळढोक: पुसलं जाऊ नये हे मलाही मान्य. पण दोन तासांत बोटीतून उतरून सेल्फी काढणाऱ्याला रेमुंडाकिस भेटतो कुठे?

नवी पेठ: हवाईतल्या मोलोकाई बेटावरचं कालाउपापा बघा. १८६६ पासून रुग्णांना तिथे पाठवत, १९६९ मध्ये सक्ती उठली, तरी काहीजण आपणहून तिथेच राहिले. तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, रहिवाशांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढता येत नाहीत. पर्यटन असावं, पण असं.

माळढोक: तिथे नाही म्हणणारी माणसं होती. स्पिनालोंगात कोण म्हणणार?

कडक भाकरी: मी शोधमोहिमेत घरोघर फिरते, म्हणून लिहिते. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा बायका पदराखाली झाकतात. सासरी कळलं तर काय, ही धास्ती. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या, आणि औषध सुरू झालं की संसर्ग लवकरच थांबतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते कायद्यातून निघालं थेट २०१९ मध्ये. बेट ओस पडलं ते औषध आलं म्हणून, हे पर्यटकाला तिथेच ठणकावून सांगितलं तर माझं काम सोपं होईल. नुसत्या पडक्या भिंती आणि करुण कहाण्या दाखवल्या तर लोक जुनीच भीती घेऊन परततील.

होटगी रोड: ताई, मग हे पत्रकातच छापायला सांगू. चट्टा, बधिरपणा, फुकट गोळ्या, सगळं. मी उद्याच त्यांच्याकडे जातो.

माळढोक: छापलं तर चांगलंच, तेवढ्यासाठी मीही येईन. पण त्या सहलीला माझं नाव घालू नका.